दाभोळचा वीज प्रकल्प: परकीय भांडवल आले, जोखीम इथेच राहिली

३० एप्रिल १९९३ रोजी जागतिक बँकेने भारताच्या अर्थ मंत्रालयाला एक पत्र पाठवले. कोकणात एनरॉन ही अमेरिकी कंपनी उभारू पाहत असलेल्या वीज प्रकल्पाला बँकेने अर्थसाहाय्य करावे, असा प्रस्ताव केंद्राने मांडला होता. बँकेच्या भारत विभागाचे तेव्हाचे प्रमुख हाइन्झ व्हर्जिन यांनी तो नाकारला आणि कारणेही दिली. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही. महाराष्ट्राच्या मागणीच्या मानाने त्याची क्षमता फार मोठी आहे, आणि तीही चोवीस तास चालवावी लागणारी. आयात केलेल्या एलएनजीवरची, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवरची, वीज कोळशाच्या विजेपेक्षा महाग पडेल. आणि हा बोजा महाराष्ट्र राज्य वीज मंडळाला पेलणार नाही.

सव्वासात महिन्यांनी, ८ डिसेंबर १९९३ रोजी, वीज मंडळाने त्याच प्रकल्पाशी वीस वर्षांचा वीज खरेदी करार केला. पुढच्या आठ वर्षांत पत्रातली जवळजवळ प्रत्येक भीती खरी ठरली. २९ मे २००१ रोजी प्रकल्प बंद पडला, आणि त्याची देणी फेडण्यात पुढची कितीतरी वर्षे गेली.

'राजकारणाने बुडवलेला प्रकल्प' किंवा 'लुटारू कंपनीचा डाव' अशा दोन ठरीव पद्धतींनी हे प्रकरण सांगितले जाते. दोन्हींत तथ्य आहे. मला मात्र तिसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. विकासासाठी कर्ज देणे हेच जिचे काम, त्या संस्थेने जो प्रकल्प परवडत नाही म्हणून नाकारला, तोच नफ्यासाठी आलेल्या भांडवलाला इतका आकर्षक का वाटला? माझ्या मते उत्तर कराराच्या कागदांतच आहे. बँकेला दिसलेली जोखीम खाजगी भांडवलालाही दिसली होती, पण ती त्याला उचलायचीच नव्हती. ती इथल्या मंडळाने, इथल्या सरकारांनी आणि इथल्या सरकारी बँकांनी उचलायची होती.

घाई कुठून आली

१९९१ च्या उन्हाळ्यात देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते आणि सोने परदेशात गहाण ठेवावे लागले होते. वीज क्षेत्राला तर पैसा कुठून आणायचा हा जुनाच प्रश्न होता. तोवर मोठे वीज प्रकल्प सरकारी तिजोरीतून, नाहीतर जागतिक बँक आणि मित्रदेशांच्या सवलतीच्या कर्जांतून उभे राहत. आपल्या कोयनेलाही जागतिक बँकेचे कर्ज होते. अशा कर्जांना वेळ लागे, अटी असत, तपासण्या होत. शीतयुद्ध संपल्यावर श्रीमंत देशांची विकास मदत जागच्या जागी थांबली आणि खाजगी भांडवलाचा ओघ मात्र वाढू लागला. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या सहा-सात वर्षांत विकसनशील देशांकडे जाणारे खाजगी भांडवल पाच पटींहून अधिक झाले. दिल्लीत तेव्हा एकच सूर होता: मदतीची वाट बघत बसण्यापेक्षा गुंतवणूक आणा.

१९९१ च्या अखेरीस वीजनिर्मिती खाजगी कंपन्यांना खुली झाली. भागभांडवलावर १६ टक्के परतावा आणि तोही वीजनिर्मितीचा संच क्षमतेच्या ६८.५ टक्के भाराने चालला तरी मिळेल, वर चालला तर आणखी वाढेल, असे आमिष ठेवण्यात आले. मे १९९२ मध्ये वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांचे पथक गुंतवणूकदार शोधायला अमेरिकेत गेले. जूनच्या मध्यात एनरॉनचे लोक इकडे आले आणि २० जून १९९२ रोजी मुंबईत मंडळाबरोबर सामंजस्य करार होऊनही गेला. आल्यापासून सह्या होईपर्यंत आठवडाही लागला नाही. निविदा निघाली नाही, दुसऱ्या कोणाचा देकार मागवला नाही. राज्याला किती वीज, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या इंधनावरची हवी, याचा हिशेब मांडून मग विक्रेता शोधायचा असतो. इथे विक्रेता आधी आला आणि हिशेब त्याच्या यंत्रांच्या मापाने मांडला गेला.

जागा ठरली गुहागर तालुक्यात, वाशिष्ठी खाडीच्या दक्षिण तीरावर: अंजनवेल, वेलदूर, रानवी. खुद्द दाभोळ खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात, पण कंपनीने नाव घेतले दाभोळ पॉवर कंपनी. त्यात एनरॉनचे ८० टक्के भाग, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचे प्रत्येकी १० टक्के. जनरल इलेक्ट्रिक टर्बाइन पुरवणार होती, बेक्टेल बांधकाम करणार होती. म्हणजे दोन्ही लहान भागीदार प्रकल्पाचे मालक होते आणि प्रकल्पाला माल विकणारेही होते. भागभांडवलावर परतावा मिळण्याआधीच त्यांचे पैसे यंत्रांच्या आणि बांधकामाच्या बिलांतून सुटणार होते. दोन टप्प्यांत मिळून २,००० मेगावॅटहून अधिक क्षमता आणि जवळजवळ ३ अब्ज डॉलर खर्च. त्या काळची ही देशातली सर्वांत मोठी परकीय गुंतवणूक.

करारात काय होते

करार सुरुवातीला गोपनीय होता. पुण्याच्या 'प्रयास' गटातल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध कागदांवरून आकडेमोड करून तो लोकांना समजेल असा मांडला. मराठीत या विषयावर पुढे जी समंजस चर्चा झाली, तिच्या मुळाशी ते काम आहे, आणि त्याचे श्रेय अजून पुरेसे दिले गेलेले नाही असे मला वाटते.

करारातल्या दराचे दोन भाग होते. पहिला क्षमतेचा, म्हणजे स्थिर आकार. प्रकल्प वीज द्यायला तयार आहे एवढे कंपनीने दाखवले की मंडळाने हा आकार द्यायचा, वीज घेतली काय नि न घेतली काय. दुसरा इंधनाचा आकार: नाफ्ता (कच्च्या तेलापासून निघणारे द्रव इंधन) किंवा एलएनजी ज्या भावाने येईल तो भाव जसाच्या तसा बिलात. स्थिर आकाराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. रुपया घसरला तर कंपनीला फरक पडणार नव्हता, बिल आपोआप वाढणार होते. महिन्याच्या ठेक्यावर घेतलेल्या टेम्पोचे भाडे गाडी दारात उभी राहिली तरी द्यायचे, डिझेल आपण भरायचे आणि भाडे वर डॉलरच्या भावाने मोजायचे, तसा हा प्रकार. अशी अट मान्य करताना एकच गोष्ट पक्की हवी: गाडी रोज भरून धावेल इतका माल आपल्याकडे आहे. जागतिक बँकेने बोट ठेवले होते ते नेमके इथेच. महाराष्ट्राची खरी टंचाई संध्याकाळच्या कमाल मागणीच्या तासांत होती, आणि हा प्रकल्प रात्रंदिवस चालवला तरच परवडणारा होता.

मागणी कमी निघाली तर फटका मंडळाला. रुपया घसरला तर मंडळाला. तेल महागले तर मंडळाला. मग कंपनीची जोखीम उरली कोणती? मंडळ पैसे देऊ शकणार नाही, ही. त्यासाठीही पायऱ्या बांधलेल्या होत्या. आधी लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेने दिलेली पैशांची हमी. मग मंडळाच्या ग्राहकांकडून येणारी वसुली परस्पर वळवणारे एस्क्रो खाते. मग राज्य सरकारची हमी. आणि सर्वांच्या वर, पहिल्या टप्प्यापुरती, सप्टेंबर १९९४ मध्ये केंद्र सरकारने दिलेली प्रतिहमी. मंडळाने थकवले तर राज्य देईल, राज्याने थकवले तर भारत सरकार देईल. वाद झालाच तर निवाडा लंडनमध्ये.

केंद्रीय वीज प्राधिकरणाने यातल्या खर्चाची आणि दराची कसून तपासणी करायला हवी होती. ती न होताच मंजुरी दिली गेली. आठ वर्षांनी राज्य सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने हे सगळे कागद उलगडले आणि शासनयंत्रणा जवळजवळ प्रत्येक पायरीवर अपयशी ठरली असे लिहिले. तोवर फार उशीर झाला होता.

'खाजगी' पैसा कोणाचा होता

मार्च १९९५ मध्ये पहिल्या टप्प्याची आर्थिक जुळणी पूर्ण झाली. खर्च सुमारे ९२ कोटी डॉलर. भागीदारांचे भागभांडवल त्यात सुमारे २८ कोटी. उरलेले कर्ज. कर्जातला सर्वांत मोठा हिस्सा, सुमारे ३० कोटी डॉलर, अमेरिकेच्या एक्झिम बँकेचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या निर्यात बँकेचा. ओपिक ही अमेरिकी सरकारचीच दुसरी संस्था. परदेशात जाणाऱ्या अमेरिकी गुंतवणुकीला कर्ज आणि राजकीय जोखमीचा विमा देणे हे तिचे काम. तिने १० कोटी डॉलर कर्ज दिले, आणि वर विमाही. बँक ऑफ अमेरिकाच्या नेतृत्वाखालच्या खाजगी बँकांचे सुमारे १५ कोटी. बाकी आयडीबीआय ही सरकारी विकास बँक आणि इतर भारतीय वित्तसंस्था.

यातली एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. एक्झिम बँकेच्या त्या कर्जाला हमी दिली होती आयडीबीआयच्या पुढाकाराने भारतीय सरकारी वित्तसंस्थांनी. अमेरिकी सरकारने अमेरिकी यंत्रांची विक्री व्हावी म्हणून कर्ज दिले, आणि ते बुडणार नाही याची जबाबदारी इथल्या ठेवीदारांच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थांनी घेतली. या व्यवहाराला सर्रास परकीय खाजगी गुंतवणूक म्हटले गेले. प्रत्यक्षात दोन देशांच्या सरकारांनी दोन्ही बाजूंनी टेकू दिले होते आणि मधोमध खाजगी नफा उभा होता.

जागतिक बँकेचा नकार आणि एक्झिम-ओपिकचा होकार यांतला फरक इथे कळतो. बँकेला विचारायचे होते की हा प्रकल्प महाराष्ट्राला परवडतो का. निर्यात बँकेला विचारायचे होते की आमच्या कंपनीचा माल विकला जातो का आणि आमचे पैसे परत येतात का. दोन्ही संस्था सार्वजनिक, दोघींचे पैसे डॉलरमध्ये, पण प्रश्न वेगळे. जागतिक बँकेच्या धोरणांवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. वीज क्षेत्राचे खाजगीकरण करा असा आग्रह त्याच काळात तीही धरत होती. तरी या एका प्रकरणात तिची छाननी आपल्या बाजूची होती, आणि ती फुकट मिळालेली होती. विकास मदतीतला पैसा अनेकदा थोडा असतो. तिच्याबरोबर येणारी तपासणी हीच कित्येकदा जास्त मोलाची असते. आपण पैसा मिळाला नाही म्हणून तो सल्लाही बाजूला टाकला.

जानेवारी १९९५ मध्ये एनरॉनच्या उपाध्यक्षा लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की प्रकल्पाची आखणी आणि लोकशिक्षण यांवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले आहेत. 'भारतीयांचे शिक्षण' या नावाने ती साक्ष इथे गाजली आणि लाचेचे आरोप झाले. त्या आरोपांची तड आजवर लागलेली नाही, म्हणून मी त्यावर निकाल देणार नाही. मला त्या साक्षीतली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते: अशा प्रकल्पांसाठी एक्झिम आणि ओपिकसारख्या सरकारी संस्थांचा आधार आवश्यक आहे, हे कंपनी स्वतःच आपल्या संसदेपुढे मांडत होती.

बुडवणे आणि पुन्हा वर काढणे

मार्च १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एनरॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली आणि सत्ता मिळवली. गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अहवाल दिला आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द झाल्याचे जाहीर केले. कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली. राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावून करारच गैरमार्गाने झाल्याचे म्हटले. नोव्हेंबरमध्ये एनरॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. फेरवाटाघाटींची समिती नेमली गेली आणि तिने दोन आठवड्यांच्या आत काम आटोपले. जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने त्याच प्रकल्पाला नव्याने मान्यता दिली आणि आपला दावा मागे घेतला.

दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आणल्याचे तेव्हा सांगितले गेले. डॉलर आणि इंधन ठरावीक भावात गृहीत धरूनच तो आकडा येत होता. भांडवली खर्च घटला असे दिसले, त्यात मोठा वाटा एलएनजीचा पुन्हा वायू करणारी यंत्रणा वीज प्रकल्पाच्या खर्चातून बाहेर काढण्याचा होता. तो खर्च इंधनाच्या आकारातून परत येणारच होता. आणि जे वाढले ते फार मोठे होते. मूळ करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या मर्जीवर होते. नव्या करारात तो बंधनकारक झाला आणि एकूण क्षमता २,१८४ मेगावॅटवर गेली. मूळ कराराइतकाच, कदाचित त्याहून जास्त, हा फेरकरार महाराष्ट्राला महाग पडला असे माझे मत आहे. पहिल्या चुकीला १९९१ च्या घाईची सबब तरी होती. १९९६ मध्ये सगळे आक्षेप, जागतिक बँकेच्या नकाराची कारणे आणि स्वतंत्र अभ्यासकांची आकडेमोड टेबलावर होती. मे १९९६ मध्ये वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने शेवटच्या दिवशी केंद्राच्या प्रतिहमीवरही शिक्कामोर्तब केले.

कोकणातल्या विरोधाची नोंद या करारांच्या कागदांत कुठेही नाही. आंबा-काजूची कलमे, खाडीतली मासेमारी, समुद्रात सोडले जाणारे गरम पाणी, सक्तीने संपादन झालेल्या जमिनी हे लोकांचे प्रश्न होते. मोर्चे निघाले, जमावबंदी लागली, शेकडो लोकांना अटक झाली. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलिसांनी वेलदूर या मच्छीमारांच्या गावात घरांत शिरून बायकांना मारहाण केली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये याचे सविस्तर अहवाल दिले. प्रकल्पावर तैनात राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही दुसऱ्या अहवालात आहे. एक्झिम आणि ओपिक यांचे कर्ज या काळात चालूच होते. राजकीय जोखमीचा विमा उतरवला तेव्हा वेलदूरच्या बायकांच्या वाट्याला येणारी जोखीम कुठल्याच हिशेबात नव्हती.

९५ कोटींचा महिना

१३ मे १९९९ रोजी ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला. त्याच सुमारास दुसऱ्या टप्प्याची आर्थिक जुळणीही झाली, ओमान आणि अबू धाबीकडून वीस वर्षे एलएनजी घेण्याचे करार झाले. मंडळाने कंपनीत १५ टक्के भागही घेतला आणि एनरॉनचा हिस्सा ६५ टक्क्यांवर आला.

आता बिल कसे चढत गेले ते पाहू. पहिल्या टप्प्याचा स्थिर आकार महिन्याला सुमारे ९५ कोटी रुपये होता. ७४० मेगावॅटचा संच महिनाभर ९० टक्के भाराने चालला तर सुमारे ४८ कोटी युनिट होतात. ९५ कोटींना ४८ कोटींनी भागले की युनिटमागे साधारण दोन रुपये. आता समजा मंडळाने ३० टक्केच वीज उचलली. युनिट झाले १६ कोटी. ९५ कोटी तेवढेच. युनिटमागे जवळजवळ सहा रुपये, आणि अजून इंधनाचा एक पैसाही धरलेला नाही. वीज कमी घेतली की वीज महाग होते, महाग झाली की आणखी कमी घ्यावीशी वाटते, आणि कमी घेतली की आणखी महाग होते. हे चक्र करारातच बसवलेले होते.

२००० साली कच्चे तेल ३० डॉलरच्या वर गेले, वर्षा-दीड वर्षापूर्वी ते दहा-बारा डॉलरला होते. त्याबरोबर नाफ्ता चढला. करार झाला तेव्हा ३१-३२ रुपयांना मिळणारा डॉलर ४६ च्या पुढे गेला. राज्यात नव्याने स्थापन झालेल्या वीज नियामक आयोगाने मंडळाला सांगितले की आधी स्वस्त वीज घ्या, मग महाग. आयोगाचे म्हणणे ग्राहकाच्या हिताचे आणि पूर्ण बरोबर होते. पण दाभोळची वीज स्वस्ताईच्या क्रमात तळाला होती, त्यामुळे ती कमी घेतली गेली आणि युनिटचा हिशेब काही महिन्यांत सात रुपयांच्या पुढे पोचला.

कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. वांद्र्याच्या प्रकाशगडावर बसून मंडळ वर्षानुवर्षे सांगत आले होते की आपली विजेची गळती पंधरा-सतरा टक्के आहे. आयोगापुढे कागद उघडले तेव्हा ती तिसाच्या पुढे निघाली. शेतीपंपांच्या मीटर नसलेल्या वापराखाली चोरी आणि हलगर्जी दोन्ही लपवलेल्या होत्या. हे एनरॉनने केलेले नव्हते. दाभोळ नसते तरी मंडळ अडचणीत होतेच. पण अशा ग्राहकाशी वीस वर्षांचा डॉलरचा करार करताना त्याची वही तपासायची तसदी ना एनरॉनने घेतली, ना कर्ज देणाऱ्यांनी. घ्यायची गरजच नव्हती. वरच्या पायरीवर भारत सरकारची सही होती.

२००० च्या अखेरीपासून मंडळाने बिले थकवायला सुरुवात केली. २८ जानेवारी २००१ रोजी मंडळाने अचानक पूर्ण क्षमतेची मागणी नोंदवली. करारानुसार थंड संच तीन तासांत पूर्ण भारावर यायला हवा होता, तो आला नाही. मंडळाने कराराच्याच कलमावर बोट ठेवून ४०१ कोटींचा दंड लावला आणि थकलेली बिले त्यातून वळती करून घ्या म्हणाले. फेब्रुवारीत कंपनीने केंद्राची प्रतिहमी वठवायला काढली. एप्रिलमध्ये राजकीय आपत्तीचे, म्हणजे सरकारच्या वागण्यामुळे करार पाळता येत नाही असे सांगणारे, कलम लावले. १९ मे रोजी करार संपवण्याची प्राथमिक नोटीस दिली, २३ मे रोजी मंडळानेच करार रद्द केला आणि २९ मे रोजी संच थांबले. दुसऱ्या टप्प्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक काम झालेले होते, तेही जूनमध्ये थांबले. अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी जूनच्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये सोनिया गांधी यांच्या भेटीत हा विषय काढला. २ डिसेंबर २००१ रोजी एनरॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली.

कोणाला काय मिळाले

एनरॉनचा हिस्सा २००४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी दोन-सव्वादोन कोटी डॉलरला घेतला. त्याआधी सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेतल्या लवादाने ठरवले की महाराष्ट्र सरकार आणि मंडळ यांनी गुंतवणूक हिरावून घेतली, म्हणून ओपिकने विम्याचे पैसे द्यावेत. भागीदारांना विम्याची रक्कम मिळाली. मग ओपिकने ती रक्कम भारत सरकारकडून मागण्यासाठी लवाद मांडला. गुंतवणूक मॉरिशसमार्गे आलेली होती, त्यामुळे भारत-मॉरिशस गुंतवणूक संरक्षण कराराचा आधार घेऊन भागीदारांनी आणखी दावे लावले. परदेशी बँकांनीही आपापल्या देशांच्या करारांखाली नोटिसा पाठवल्या. अशा करारांखाली भारतावर आलेले हे पहिले मोठे दावे. २००५ मध्ये तडजोड झाली: जनरल इलेक्ट्रिकला १४.५ कोटी डॉलर, बेक्टेलला १६ कोटी डॉलर. परदेशी बँकांची कर्जे भारतीय संस्थांनी सवलतीत विकत घेतली.

परदेशी भागीदारांनी आणि बँकांनी नफा कमावला असे म्हणता येणार नाही. त्यांचेही पैसे बुडाले. पण विमा, हमी, लवाद आणि देशोदेशींचे करार यांमुळे त्यांच्याकडे बाहेर पडायला दार होते. आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय, आयएफसीआय यांचे सहा हजार कोटींच्या आसपास अडकले होते. त्यांना असे दार नव्हते. त्यांना तेच कर्ज नव्या कंपनीत भागभांडवल आणि नवे कर्ज म्हणून ओतावे लागले.

ती नवी कंपनी म्हणजे रत्नागिरी गॅस अँड पॉवर, स्थापना जुलै २००५. एनटीपीसी आणि गेल या केंद्र सरकारच्या वीज आणि वायू कंपन्या, वित्तसंस्था आणि राज्याचे वीज मंडळ हे तिचे सुरुवातीचे मालक. खाजगी भांडवलाचा नमुना म्हणून सुरू झालेला प्रकल्प अखेर जवळजवळ पूर्णपणे सार्वजनिक झाला. २००६ मध्ये संच नाफ्त्यावर परत फिरले. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू मिळाला आणि तोही आटला. २०१३ पासून प्रकल्प पुन्हा बसला, २०१५ मध्ये रेल्वेला वीज द्यायला त्याचा काही भाग सुरू झाला. एलएनजी टर्मिनल २०१३ मध्ये चालू झाले खरे, पण लाटा अडवणारी भिंत अपुरी राहिल्याने बरीच वर्षे पावसाळ्यात तिथे जहाजे लागू शकली नाहीत. टर्मिनल २०१८ मध्ये कोकण एलएनजी म्हणून वेगळे झाले.

या प्रकरणानंतर काही गोष्टी बदलल्या. केंद्राने अशा प्रतिहमी देणे थांबवले. २००३ च्या वीज कायद्याने दर ठरवण्यात नियामक आयोगांना मध्यवर्ती स्थान दिले आणि स्पर्धात्मक निविदांचा मार्ग खुला केला. मंडळाचे २००५ मध्ये तीन कंपन्यांत विभाजन झाले. पण डॉलरच्या चढउताराचा आणि इंधनाच्या भावाचा बोजा ग्राहकाच्या बिलात ढकलायचा, मागणीचे अंदाज फुगवून स्थिर आकार मान्य करायचा, हे अजून संपलेले नाही. परकीय गुंतवणुकीचा नवा करार जाहीर होतो तेव्हा किती डॉलर येणार एवढेच मथळ्यात असते. मागणी कमी निघाली तर कोण भरणार, रुपया पडला तर कोण भरणार, आणि वाद कुठल्या देशात चालणार, हे तीन प्रश्न विधानसभेत त्याच दिवशी विचारले गेले पाहिजेत, आणि करार सहीआधी लोकांना वाचायला मिळाला पाहिजे. १९९३ मध्ये यातले काहीच झाले नाही. त्यासाठी लागणारी माहिती मात्र तेव्हाही होती, एका नकाराच्या पत्रात.

जबाबदारी ठरवण्यासाठी राज्याने २००१ मध्ये न्यायमूर्ती कुर्डूकर यांचा चौकशी आयोग नेमला. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे त्याचे काम पुढे सरकले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये फेटाळलेल्या, कराराविरुद्धच्या याचिकेवरचे अपीलही तिथेच पडून होते. एप्रिल २०१९ मध्ये, करार झाल्याला पंचवीस वर्षे उलटून गेल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने इतक्या काळानंतर यात पुढे जाण्यात अर्थ नाही म्हणून ती कारवाई बंद केली. करारावर सही करणाऱ्या, त्याला मंजुरी देणाऱ्या, हमी देणाऱ्या किंवा १९९६ मध्ये तो पुन्हा जिवंत करणाऱ्या एकाही व्यक्तीवर दोष निश्चित झाला नाही.